दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय? गणपतीपासूनच तयारीला लागा

सेल सुरू झाल्यावर मध्यरात्री ‘कोणता घेऊ?’ म्हणून शोधायला बसलात, तर ‘४२ टक्के सूट’ लिहिलेलं काहीतरी गळ्यात पडणार. ती सूट एमआरपीवरची असते, आणि लॅपटॉपच्या एमआरपीला एरवीही कोणी विचारत नाही. सेलचा खरा फायदा होतो तो आधीच तीन गोष्टी ठरवून बसलेल्याला: नेमकं मॉडेल, त्याचा एरवीचा भाव आणि आपला भाव. हे ठरवायला चारेक आठवडे लागतात, म्हणून सुरुवात गणपतीत.

आधी कॅलेंडर बघा

वर्षातला सगळ्यात मोठा सेल म्हणजे ॲमेझॉनचा ग्रेट इंडियन फेस्टिव्हल आणि फ्लिपकार्टचा बिग बिलियन डेज. दोन्ही साधारण एकाच वेळी सुरू होतात. २०२४ मध्ये ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आले, २०२५ मध्ये २३ सप्टेंबरला, आणि प्राइम किंवा प्लस सदस्यांना दोन्ही ठिकाणी एक दिवस आधी. त्याआधी जुलैत ॲमेझॉनचा प्राइम डे असतो, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाचा सेल, आणि नंतर जानेवारीच्या मध्यास प्रजासत्ताक दिनाचा.

इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेल्या मुलासाठी लॅपटॉप हवा असेल आणि कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होणार असेल, तर दिवाळीची वाट बघू नका. जुलै-ऑगस्टच्या सेलमध्ये घ्या. हजार-दोन हजार जास्त गेले तरी पहिलं सत्र लॅपटॉपशिवाय काढण्यापेक्षा ते परवडतं.

आता पितृपक्षाचं. २०२३ आणि २०२४ मध्ये हे सेल ऐन पितृपंधरवड्यात सुरू झाले. २०२५ मध्ये मात्र सदस्यांसाठीचा दिवस नेमका घटस्थापनेला आला. घरात कोणी ‘आत्ता नवीन वस्तू नको’ म्हणत असेल तर ऑर्डर टाकून पैसे भरा आणि डिलिव्हरीची जितकी उशिराची तारीख मिळेल तितकी घ्या. भाव ऑर्डरच्या दिवशी पक्का होतो. पंधरवडा संपेपर्यंत थांबलात तर चांगली कॉन्फिगरेशन (म्हणजे चिप, रॅम, स्क्रीन यांची जुळणी) संपलेली असतात.

मॉडेल ठरवा, नुसतं नाव नाही

लेनोवो लॉक, एचपी व्हिक्टस, आसूस टफ, एसर नायट्रो ही कुटुंबांची नावं आहेत, मॉडेलची नाहीत. एकाच नावाखाली दहा-बारा वेगवेगळी यंत्रं विकली जातात. पानाच्या तळाशी ‘मॉडेल नंबर’ किंवा ‘पार्ट नंबर’ म्हणून जो लांबलचक कोड असतो, तोच खरा. तो कॉपी करून ठेवा आणि पुढची सगळी तुलना त्याच कोडवर करा. सेलच्या जाहिरातीतला ‘फक्त इतक्यात’ असलेला भाव बहुतेक वेळा त्या कुटुंबातल्या सगळ्यात हलक्या यंत्राचा असतो.

कोड हाती आला की चार गोष्टी तपासा.

ग्राफिक्स चिपचे वॉट, म्हणजे गेमचं चित्र उभं करणाऱ्या चिपला मिळणारी वीज. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि विक्रीच्या पानावर बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिपला ३५ ते ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देण्याची मुभा कंपन्यांना असते. आरटीएक्स ५०६० साठी ही मर्यादा ४५ ते १०० वॉट आहे. म्हणजे पातळ, दिसायला देखण्या यंत्रातली ४०६० ही जाड यंत्रातल्या पूर्ण ताकदीच्या ४०५० च्या, म्हणजे एक पायरी खालच्या चिपच्या, जवळपास येऊन बसू शकते, आणि पैसे तुम्ही ४०६० चे मोजलेले असतात. वॉटचा आकडा ब्रँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, तपशीलवार माहितीत सापडतो. तिथेही नसेल तर ते मॉडेल यादीतून काढा.

ग्राफिक्सची मेमरी. ४०५० ला ६ जीबी असते, ४०६० ला आणि ४०७० ला ८ जीबी. नव्या गेमना ६ जीबी अपुरी पडू लागली आहे, त्यामुळे ४०५० वरून ४०६० वर जाण्यासाठी सेलमध्ये थोडे जास्त मोजणं रास्त आहे. ४०७० साठी मात्र बऱ्यापैकी फरक मोजून मेमरी तेवढीच मिळते. ते पैसे चांगल्या स्क्रीनवर घाला.

स्क्रीन. ‘१४४ हर्ट्झ’ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) सगळेच लिहितात. त्याच्या शेजारी ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं (एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते याची मापं) तर रंग फिके असणार हे धरून चाला. ‘१०० टक्के एसआरजीबी’ आणि किमान ३०० निट्स (उजेडाचं माप) असेल ते घ्या.

रॅम. पूर्वी सल्ला सोपा होता: ८ जीबीचं घ्या, नंतर दुसरी स्टिक टाका. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढले आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आता १६ जीबी आधीच बसवलेलं यंत्रच घ्या. ती १६ जीबी ८-८ च्या दोन स्टिकमध्ये असेल तर उत्तम. एकच स्टिक असली तर गेममध्ये फ्रेम कमी मिळतात, म्हणजे चित्र तितकं सलग हलत नाही.

भावाचा आलेख वाचा

ॲमेझॉनसाठी कीपा आणि दोन्ही संकेतस्थळांसाठी बायहटकेसारखं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाका. त्या वस्तूच्या भावाचा आलेख पानावरच दिसतो. मागचे सहा महिने बघा आणि तीन आकडे वहीत लिहा: सगळ्यात कमी भाव, बहुतेक दिवस असलेला भाव आणि आजचा भाव.

बऱ्याच मॉडेलांत एक ठरलेली चाल दिसते. सेलच्या दोन-तीन आठवडे आधी भाव वर सरकतो आणि सेलच्या दिवशी ‘खाली’ येतो, म्हणजे ऑगस्टच्या पातळीला. समजा ऑगस्टमध्ये ८२,०००, सप्टेंबरच्या मध्यास ८९,९९०, आणि सेलमध्ये ‘आजचा सौदा’ म्हणून ८१,९९०. यात सेलने तुम्हाला दहा रुपये दिले. खरी सूट असलीच तर ती बँकेच्या कार्डावर आहे.

तुमचा लक्ष्य भाव असा काढा: सहा महिन्यांतला नीचांक घ्या आणि त्यातून कार्डाची सवलत वजा करा. सेलमध्ये त्या आकड्याच्या पाचेकशे-हजाराच्या आत भाव आला की घ्या, अजून उतरेल म्हणून बसू नका.

जुनी पिढी आणि नवी पिढी हाही भावाचाच भाग आहे. एनव्हिडियाने आरटीएक्स ४० मालिकेच्या लॅपटॉप चिप जानेवारी २०२३ मध्ये आणि ५० मालिकेच्या जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केल्या. नवी यंत्रं दुकानात रुळायला काही महिने जातात, आणि तोवर दसरा-दिवाळी येते. त्या सणात मागच्या पिढीचा साठा खाली करण्याची घाई सगळ्यांनाच असते. पिढी बदलण्याच्या वर्षी मागच्या पिढीचं पूर्ण वॉटचं यंत्र हाच बहुतेकांसाठी शहाणा सौदा.

कार्ड आणि ईएमआय: खरा हिशेब

सेलची बँक दरवर्षी तीच असेल असं नाही. फ्लिपकार्टने २०२४ मध्ये एचडीएफसीबरोबर सवलत दिली, २०२५ मध्ये ॲक्सिस आणि आयसीआयसीआयबरोबर. ॲमेझॉनकडे दोन्ही वर्षी एसबीआय होती. बँकेचं नाव सेलच्या काही दिवस आधी जाहीर होतं. तेव्हा नवं कार्ड मागवलं तर वेळेत हाती पडेलच असं नाही, म्हणून घरात, भावाकडे, मित्राकडे कोणतं कार्ड आहे ते आधीच विचारून ठेवा. ‘१० टक्के सूट’ याखाली ‘कमाल सवलत’ म्हणून एक आकडा असतो, तो वाचा. ८०,००० च्या लॅपटॉपवर ८,००० सुटतील अशी आशा धरू नका.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हे नाव जरा उदार आहे. ८०,००० चे १२ हप्ते, बँकेचा दर १५ टक्के असं धरू. हप्ता ६,६६७ रुपयांचा. विक्रेता सुरुवातीलाच सुमारे ६,१४० रुपये किमतीतून कमी करतो आणि बँक तेवढंच व्याज तुमच्याकडून वसूल करते. इथवर फिटंफाट. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सुमारे १,१०५ रुपये, आणि प्रोसेसिंग फी १९९ अधिक जीएसटी. म्हणजे ‘शून्य खर्चा’चे साधारण १,३४० रुपये, आणि ते विक्रीच्या पानावर नाही, कार्डाच्या बिलावर दिसतात. सहा हप्त्यांत फेडलंत तर हा आकडा साधारण ८४५ रुपयांवर येतो. ईएमआय घेताना कार्डाची मर्यादा पूर्ण रकमेइतकी शिल्लक लागते, नाहीतर ऐन वेळी व्यवहार नाकारला जातो.

व्यवसायासाठी घेत असाल तर ऑर्डर करण्यापूर्वी जीएसटी क्रमांक टाका. ८०,००० मध्ये १२,२०३ रुपये कर असतो, आणि तो वळता करून घ्यायचा तर क्रमांक बिलावर हवा. नंतर बिल बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. आणि हो, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर उतरले तेव्हा मोठे टीव्ही स्वस्त झाले. लॅपटॉप आधीही १८ टक्क्यांत होता, नंतरही तिथेच राहिला.

सेलची रात्र

आदल्या दिवशी पत्ता, कार्ड आणि पिनकोड टाकून ठेवा, लॅपटॉप कार्टमध्ये घाला. सदस्यांसाठीचा पहिला दिवस चुकवू नका: चांगल्या कॉन्फिगरेशनचा मोजका साठा तिथेच उडतो. पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याचं नाव आणि मॉडेलचा कोड पुन्हा एकदा वहीतल्या कोडशी जुळवा. सेलच्या गर्दीत त्याच पानावर वेगळी रॅम किंवा वेगळी स्क्रीन निवडलेली राहून जाते.

पहिला दिवस हुकला तर मधल्या आठवड्यात धावाधाव करू नका. धनत्रयोदशीच्या आसपास दुसरी लाट येते. त्या वेळी ब्रँडच्या दुकानात, क्रोमा-विजय सेल्समध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ऑनलाइन भाव मोबाइलवर दाखवून विचारायला हरकत नाही. दुकानदार भाव पूर्ण जुळवणार नाही, पण दुसऱ्या वर्षाची वॉरंटी किंवा रॅमची स्टिक टाकून देतो. माउस आणि बॅगेवर समाधान मानू नका.

अमेरिकेतून कोणी येणार असेल आणि नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेचा भाव मोहवत असेल, तर अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. मात्र तिथल्या जाहिरातीतल्या भावात राज्याचा विक्रीकर धरलेला नसतो, आणि वॉरंटी भारतात चालेल का हे त्या मॉडेलपुरतं ब्रँडच्या संकेतस्थळावर तपासावं लागतं.

खोकं पूजेपर्यंत ठेवू नका

सणाच्या खरेदीतली सगळ्यात महागडी चूक इथे होते. लॅपटॉप सप्टेंबरच्या शेवटी येतो आणि घरचे म्हणतात, दसऱ्याला पूजा करून उघडू. ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपना पैसे परत मिळत नाहीत. सात दिवसांत फक्त बदली, तीही ब्रँडच्या तंत्रज्ञाने दोष मान्य केल्यावर. २०२५ मध्ये २६ सप्टेंबरला आलेलं खोकं २ ऑक्टोबरच्या दसऱ्याला उघडलं असतं, तर त्यातले सहा दिवस गेलेच होते. तेव्हा आलं त्याच दिवशी उघडा, तपासा, पुसून परत खोक्यात ठेवा. पूजा दसऱ्याला होऊ द्या.

ओपन बॉक्स डिलिव्हरी (आणणाऱ्याच्या समोरच खोकं उघडून बघणं) मिळत असेल तर घ्या. नाहीतर खोक्याच्या सहाही बाजू आणि सील दिसेल असा, मध्ये न थांबवलेला व्हिडिओ काढा. खोक्यावरचा आणि लॅपटॉपखालचा सीरियल नंबर त्यातच जुळवून दाखवा.

मग सोबतचा चार्जर लावून तपासणी करा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ हा आकडा दिसतो. त्यात डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे गरजेनुसार चिपला मिळणारे जादा, वॉटही धरलेले असतात, म्हणून ११५ अधिक २५ असलेल्या ४०६० ला तो १४० दिसेल. जाहीर केलेल्यापेक्षा खूप कमी असेल तर लगेच तक्रार करा. डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ (डिस्क किती तास चालली) बघा, तीन आकडी तास दिसले तर ते यंत्र आधी कोणाकडे तरी होतं. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता ताडून पाहा. पांढऱ्या, काळ्या, लाल पडद्यावर मेलेले पिक्सेल शोधा, सगळी बटणं दाबा, प्रत्येक पोर्टला काहीतरी जोडा. शेवटी अर्धा तास एखादा जड गेम. प्रोसेसरचं तापमान नव्वद अंशांच्या घरात जाणं यात नवल नाही, पण यंत्र अचानक बंद पडणं हा दोष आहे.

त्याच दिवशी ब्रँडच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघा. कधी ती तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही, तर माल कारखान्यातून निघाल्यापासून मोजलेली असते. बिल अपलोड केलं की ब्रँड ती सुधारून देतो. विक्रेता आणि ब्रँड एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. फोन करण्यापूर्वी बिल, व्हिडिओ आणि तक्रारींचे क्रमांक एकत्र काढून ठेवा.