रोमच्या सैनिक-सम्राटांवर लिहिताय? या चुका टाळा

रोमवरचे लेख तपासायला येतात तेव्हा सैनिक-सम्राटांच्या, म्हणजे फौजेने पुढे केलेल्या सम्राटांच्या, इ.स. 235 ते 284 या काळापाशी लेखकाला हमखास धाप लागलेली दिसते. ऑगस्टसवर चार पानं, नीरोवर तीन, आणि मग 'यानंतर अराजक माजले' एवढ्यात वीस-पंचवीस सम्राट उरकलेले. ते तरी परवडलं. खरा घोटाळा तपशिलात शिरल्यावर होतो.

'लष्कराने सत्ता बळकावली' हे वाक्य आधी खोडा. बळकावली कोणाकडून? रोममध्ये सम्राट हाच सरसेनापती. 'इम्पेरातोर' हा किताबच विजयी सेनापतीच्या नावाने सैनिक करत त्या जयघोषातून आलेला. इ.स. 41 मध्ये प्रेटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाने, क्लॉडियसला सम्राट केलं आणि त्याने माणशी 15,000 सेस्टर्स (रोमन नाणी) मोजले. सरहद्दीवरच्या फौजांनी 69 आणि 193 मध्येही आपापले सम्राट पुढे केले होते. 235 नंतर ते नेहमीचंच झालं, एवढाच फरक.

'गादीवर बसला' हेही जपून लिहा. गादी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घराणं, वारस, राज्याभिषेक येतो. इथे छावणीत जयघोष व्हायचा, अंगावर जांभळा झगा चढायचा, सैनिकांना बक्षिसी वाटली जायची आणि सिनेट, म्हणजे रोममधली उमरावांची सभा, मागाहून होकाराची मान हलवायची. मॅक्सिमिनस थ्रॅक्स 235 मध्ये ऱ्हाइनकाठी सम्राट झाला, 238 मध्ये इटलीतल्या अक्विलेया शहराला घातलेल्या वेढ्यात स्वतःच्याच सैनिकांच्या हातून मेला. मधल्या तीन वर्षांत सम्राट म्हणून त्याने रोम शहरात पाऊलही ठेवलं नाही.

याच मॅक्सिमिनसबद्दल 'आठ फुटांहून उंच, रोज चाळीस पौंड मांस खाई, बायकोचं कंकण अंगठ्यात अंगठी म्हणून घाली' असं लिहिलेलं आढळतं. हे 'हिस्टोरिया ऑगस्टा' या सम्राटांच्या लॅटिन चरित्रसंग्रहातलं. या ग्रंथावर सहा लेखकांची नावं आहेत, पण बहुतेक अभ्यासकांच्या मते तो चौथ्या शतकाच्या अखेरीस एकाच इसमाने रचला, आणि त्यात बनावट पत्रं, बनावट माणसंही घुसडली. गंमत म्हणून सांगा, पुरावा म्हणून नको.

'सगळे अडाणी शिपाईगडी' हाही सरसकट शेरा. डेशियस आणि व्हॅलेरियन सिनेटर होते. तिसरा गॉर्डियन सम्राट झाला तेव्हा तेरा वर्षांचा पोर! व्हॅलेरियनचा मुलगा सम्राट गॅलिएनस याच्या काळात सिनेटरांच्या हातून फौजांची सूत्रं गेली, आणि मग दुसरा क्लॉडियस, ऑरेलियन, प्रोबस हे डॅन्यूबकडचे, फौजेत वाढलेले गडी आले.

सगळ्यात जास्त घसरतात ते कारणाशी. 'सैनिकांची हाव' एवढं लिहून मोकळे. हाव होतीच, पण पोस्ट्युमसचं उदाहरण बघा. साल 260. पूर्वेला इराणच्या शापूरने सम्राट व्हॅलेरियनला जिवंत पकडलेलं, मुलगा गॅलिएनस इतर आघाड्यांवर अडकलेला. ऱ्हाइनवर पोस्ट्युमसच्या तुकडीने परतणाऱ्या लुटारू टोळीला गाठून लूट सोडवली आणि आपापसांत वाटून घेतली. कोलोनमध्ये गॅलिएनसचा कोवळा मुलगा होता. त्याचा पालक सिल्व्हानस याने ती लूट परत मागितली. सैनिकांनी कोलोनलाच वेढा घातला, दोघांचा जीव घेतला आणि पोस्ट्युमसला सम्राट केलं. गॉल (साधारण आजचा फ्रान्स), ब्रिटन, स्पेन त्याच्यामागे गेले, कारण जवळ असलेला आणि लढणारा सम्राट त्यांना तोच दिसत होता. सरहद्दी तीन (ऱ्हाइन, डॅन्यूब, पूर्व), सम्राट एक. ज्या आघाडीवर तो नाही तिथली फौज आपला उभा करणार. तोच पोस्ट्युमस 269 मध्ये बंडखोर माइन्झ जिंकून बसला, सैनिकांना शहर लुटू देईना, म्हणून त्यांनी त्यालाच मारलं.

नावांचे गोंधळ चटकन: ऑरेलियन (270-275) म्हणजे मार्कस ऑरेलियस नव्हे, रोमभोवती सुमारे 19 किलोमीटरची तटबंदी घालायला घेतली तो हा. टॅसिटस नावाचा सम्राट 275 चा, इतिहासकार टॅसिटस दीड शतकाहून अधिक जुना. गॉर्डियन तीन आहेत, त्यांतले दोन 238 मध्येच संपले.

आणि 'एकूण अमुक सम्राट झाले' असा ठाम आकडा देऊ नका. गॉलमध्ये स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या दुसऱ्या डोमिशियनचं एक नाणं 1900 च्या सुमारास फ्रान्समध्ये सापडलं होतं, पण अनेकांनी ते खोटं ठरवलं. 2003 मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ मातीच्या भांड्यात सुमारे 5,000 नाण्यांचा गठ्ठा मिळाला. गंजून एकमेकांना चिकटलेली ती नाणी सुटी केली, तर त्यांत त्याच चेहऱ्याचं दुसरं नाणं निघालं. म्हणजे खोटा ठरवलेला सम्राट खरा निघाला, आणि यादीत एकाची भर पडली.