टाऊन हॉल आधी, न्यू पॅलेस नंतर

कोल्हापुरात पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला. अंबाबाई, मिसळ, रंकाळा, चपलांची खरेदी आणि रात्रीच्या जेवणाला तांबडा-पांढरा. संग्रहालय त्यात शिरलंच तर 'जाता जाता न्यू पॅलेस' एवढंच. जाता जाता बघितलेलं संग्रहालय बाहेर पडल्यावर तासाभरात डोक्यातून जातं, हे मी इतक्या पाहुण्यांबरोबर अनुभवलंय की आता कुणी येणार म्हटलं की मी आधीच सगळं ठरवून ठेवतो.

पहिलं काम, वार बघणं. टाऊन हॉल म्हणजे सरकारी संग्रहालय, सोमवारी बंद. मी जन्माचा कोल्हापूरकर, तरी मागे सोलापूरच्या मावशीला घेऊन सोमवारीच त्या बंद दाराशी उभा राहिलो. मावशी शांतपणे म्हणाली, "तू इथलाच ना रे?" तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करतो. सरकारी सुट्ट्यांचंही तेच. मंगळवारी-शुक्रवारी देवीला गर्दी असते, म्हणून 'आधी दर्शन, मग संग्रहालय' असा बेत त्या दिवशी आखू नका. रांगेत दोन तास उभं राहिलेला माणूस शिल्पासमोर उभा राहत नाही, बाक शोधतो. नवरात्रात तर हा विषयच काढू नये.

आता क्रम. टाऊन हॉल आधी, न्यू पॅलेस नंतर. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. राजवाडा मोठा, भपकेबाज, तो दमलेल्या डोळ्यांनाही दिसतो. टाऊन हॉलमधल्या वस्तू लहान आहेत, त्यांना सकाळची ताजी नजर लागते. दोन्ही इमारतींचा आराखडा एकाच माणसाचा, मेजर चार्ल्स मँट यांचा. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळातला, टोकदार कमानींचा, सरळ युरोपातून उचलून आणल्यासारखा. न्यू पॅलेसचं काम १८७७ मध्ये सुरू झालं आणि १८८४ मध्ये संपलं. तिथे त्याच मँटनी काळ्या दगडात आपल्याकडच्या राजवाड्यांची आणि देवळांची वळणं मिसळली. मँट १८८१ मध्येच वारले, पुरा झालेला राजवाडा त्यांनी पाहिला नाही. सकाळी एक आणि दुपारी दुसरी इमारत बघितली की थोड्याच वर्षांत हाताला किती वेगळं वळण लागलं, ते सांगावं लागत नाही.

जाण्याआधी घरच्यांना तीनच गोष्टी नेमून द्या. सगळं बघू म्हणणारा काहीच बघत नाही. माझ्या तीन ठरलेल्या आहेत.

पहिली, टाऊन हॉलमधली पोसायडनची मूर्ती. हा ग्रीकांचा समुद्रदेव. काशाची मूर्ती, रोमन घडणीची, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि उंची वीतभरसुद्धा नाही. लोक हिच्यासमोरून सरळ पुढे जातात, म्हणून घरूनच सांगून ठेवायचं की छोटी वस्तू शोधायची आहे. ही सापडली आपल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात, पंचगंगेच्या काठी. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं विटांच्या घरांचं गाव उजेडात आलं. समुद्रापासून इतक्या आत, घाटाच्या वर, समुद्राचा देव कशाला आला असेल? व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला असणार, दुसरं काय. बंदरात उतरून बैलांच्या पाठीवर घाट चढला असेल. पोरांना हा प्रश्न आदल्या रात्रीच देऊन ठेवा, सकाळी ती तुमच्या आधी कपाटापाशी पोचतात. २०२३ मध्ये ही मूर्ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी गेली होती. अशा वस्तू मधूनमधून पाहुण्या म्हणून बाहेर जातात, तेव्हा फोन कराल त्यात 'ब्रह्मपुरीच्या वस्तू मांडलेल्या आहेत ना?' हेही विचारून घ्या.

दुसरी, आबालाल रहिमान यांची चित्रं. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेला हा चित्रकार कोल्हापूरला परतला आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने इथलीच तळी, झाडं, पाण्यावरचा उजेड रंगवत राहिला. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं गावात सांगतात. खरंखोटं तळ्याला ठाऊक, पण उरलेल्या चित्रांसमोर उभं राहिलं की ते आठवतंच. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी पाहुण्यांना रंकाळ्यावर न्या आणि भेळ खाण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाण्याकडे बघायला लावा. मग चित्र वेगळं दिसतं.

तिसरी न्यू पॅलेसची, पण तिथल्या छत्रपती शहाजी संग्रहालयाबद्दल आधी एक सूचना. तिथे पेंढा भरलेले वाघ-बिबटे आहेत, आणि वाघाच्या पंजाचे, हत्तीच्या पायाचे केलेले सामानही. लहान मूल असेल तर घरीच सांगून ठेवा. माझा भाचा चार वर्षांचा असताना त्या दालनात असा रडला की अर्धा राजवाडा मला कडेवर घेऊनच बघावा लागला. मोठ्यांनाही कसंनुसं होतं, आणि व्हायलाच हवं. तर तिसरी गोष्ट म्हणजे दरबार हॉल. तिथल्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. ऊन असताना गेलात तर काचा बोलतात, ढगाळ दिवशी गप्प बसतात. म्हणून पावसाळ्यात जमलं तर उघडीप बघून निघा. आत फोटो काढायला बंदी आहे, तेव्हा फोनवर विसंबू नका; छोटी वही आणि पेन्सिल न्या. चित्र काढता येत नसेल तरी चार ओळी लिहा.

पिशवीत काय घ्यायचं ते फार नाही. पाण्याची बाटली, तिकिटासाठी सुट्टे पैसे, जवळचा चष्मा. चष्मा खास, कारण बारीक अक्षरांच्या पाट्या मंद उजेडात वाचायच्या असतात, आणि आमच्या घरात प्रत्येक वेळी एकाचा तरी चष्मा गाडीतच राहतो. मोठ्या बॅगा घरी ठेवा. पायात मात्र नवी कोल्हापुरी नको. आदल्या दिवशी चप्पल लाईनला घेतलेली करकरीत जोडी दुसऱ्या दिवशी घालायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ती चावते, आणि शांत दालनात अशी वाजते की सगळे वळून बघतात. तेल पाजून आठवडाभर वापरल्यावर मग मिरवा.

जेवणाचं एक कळकळीचं सांगणं. सकाळी मिसळ चालेल. मटणाचं ताट मात्र दोन संग्रहालयांच्या मध्ये घेऊ नका. पांढऱ्या रश्शाच्या तिसऱ्या वाटीनंतर दरबार हॉलमध्ये माणूस उभ्या उभ्या पेंगतो. दुपारी हलकं काही खा, ताट रात्रीला ठेवा, भूकही चांगली लागते.

टाऊन हॉल सीपीआर हॉस्पिटलच्या समोरच आहे, रिक्षावाल्याला नुसतं 'सीपीआर' म्हटलं तरी पुरतं. आत जाण्याआधी बागेतल्या तोफांपाशी पोरांना दहा मिनिटं मोकळं सोडा, म्हणजे आत गेल्यावर ती पळणार नाहीत. टाऊन हॉलला दीड तास, पॅलेसला दोन, असा माझा हिशोब. आजी-आजोबा बरोबर असतील तर पॅलेसच्या आवारातलं चालणं धरून अर्धा तास वाढवा.

आणि उजेड उरला असेल तर परतताना पंचगंगेच्या घाटाकडून या. ब्रह्मपुरी तिथंच आहे. बघण्यासारखं काही नाही, वर घरं आहेत, दोरीवर कपडे वाळत असतात. पाहुणे विचारतील, "इथं काय?" तेव्हा सकाळच्या त्या वीतभर देवाची आठवण करून द्या, आणि मग जेवायला न्या.