ऊसतोडीच्या घरात गृहचौकशीला जाताना काय बघायचं, काय विचारायचं

बाल कल्याण समितीनं, म्हणजे काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या लेकरांचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीनं, गृहचौकशी (लेकराच्या घरी जाऊन परिस्थितीचा अहवाल) मागवली की नवीन लोकं त्या अहवालाचा फॉर्म २२ हातात घेऊन दारात बसतात आणि रकाने भरत सुटतात, नाव काय, जमीन किती, उत्पन्न किती. बाल न्याय कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं चौकशी १५ दिवसांत संपवायची असते म्हणून घाई होते, ते समजतं. पण फॉर्म बॅगेतच ठेवा, परत आल्यावर भरा. समोर कागद दिसला की घरचे लोक आधी तलाठी आल्यासारखं बोलतात, म्हणजे कामापुरतं.

सगळ्यात आधी महिना बघा. बीडमधलं धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार असो की जालना-परभणीतला एखादा तांडा, दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. मे महिन्यात गेलात तर आई-बाप घरी, चूल पेटलेली, लेकरू शाळेच्या पटावर, सगळं ठीक दिसणार. तेच घर जानेवारीत बघा, आज्जी अन् तीन नातवंडं. म्हणून 'सध्या घरी कोण आहे' एवढंच विचारू नका, 'मागच्या हंगामात लेकरं कुणाकडं होती, दुखलं-खुपलं तर दवाखान्यात कुणी नेलं' हे विचारा.

गरज कळायला मला सगळ्यात उपयोगी पडणारा प्रश्न म्हणजे 'कालचा दिवस सांगा मावशी, सकाळपासून'. त्यात सगळं येतं. पाणी कुणी आणलं, स्वयंपाक कुणी केला, आज्जीला डोळ्यानं दिसतं का, अकरा वर्षांची पोरगी भाकरी थापून धाकट्याला सांभाळते आणि म्हणून शाळेत जात नाही. ती पोरगी 'हुशार आहे, सगळं करती' असं कौतुकानं सांगतात, तिथंच थांबून बघायचं. अशाच पोरीचं लग्न पुढच्या हंगामाआधी उरकायचं चाललेलं असतं, एकटी मागं ठेवायची भीती असते आणि नवऱ्यासोबत जोडीनं गेली की एक कोयता वाढतो, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. तसं काही कानावर आलं तर ग्रामसेवकाला आणि १०९८ ला लगेच कळवायचं, गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात.

उचलीचं, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचं पण विचारा, किती घेतली, फिटली का. उचल अंगावर असली तर 'पालकांनी गावात राहून मुलांचा सांभाळ करावा' ही शिफारस नुसती कागदावर राहते, उचल देऊन टोळी नेणारा मुकादम सोडत नाही.

आता ट्रॉमा, म्हणजे मनाला बसलेला खोल धक्का. लेकरू 'मला धक्का बसलाय' असं कधीच म्हणणार नाही. ते अंग बोलतं, वागणं बोलतं. मोठं झालेलं पोरगं परत अंथरूण ओलं करायला लागतं, रोज शाळेच्या टायमाला पोट दुखतं, झोपेत ओरडतं, नाहीतर एकदम शांत होऊन कोपरा धरतं. बापानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिलेल्या घरातलं लेकरू शेजारच्या शेतात फवारणी सुरू झाली की वासानं घराबाहेर पळतं, आणि घरचे म्हणतात नाटकं करतंय. शाळेतून 'मारामाऱ्या करतो, लक्ष नाही' अशी तक्रार आली की मास्तरांना विचारा, हे कधीपासून? तारीख बहुतेक वेळा घरातल्या त्या घटनेपाशीच जाते.

लेकराशी बोलताना खाली बसा, त्याच्या उंचीवर. 'त्या दिवशी काय झालं सांग' असं सुरुवातीलाच नाही. 'का' हा शब्द टाळा, त्यात त्याला दोष ऐकू येतो. जेवढं सांगेल तेवढं ऐका, तोंडात शब्द देऊ नका, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तर अजिबात देऊ नका, कारण लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अशा वेळी खोदून विचारायचं नाही. आधी तुम्ही, मग पोलीस, मग समिती, मग डॉक्टर, दर वेळी तेच सांगायला लावलं तर लेकरू दर वेळी तेच भोगतं. पहिल्यांदा जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

एक गोष्ट मी हट्टानं सांगते, गरिबी म्हणजे हेळसांड नाही. डब्यात पीठ नाही म्हणून लेकरू बालगृहात टाकायचं नाही, कायदाच सांगतो की संस्था हा शेवटचा पर्याय. एकल पालक असेल तर बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५०, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वातून (लेकराला घरीच ठेवून दिलेली मदत) ४०००, विधवा आईला संजय गांधी निराधार, कशात बसतं ते बघा. आणि कागदं कुठं अडलीत ते लिहा, मृत्यू दाखला, आधार, बँक खातं, कारण बऱ्याच घरांना योजना माहीत असते, दाखला मिळालेला नसतो.

झोप, भूक, वागणं बिघडून बरेच दिवस झाले असतील तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात स्वतः सोबत जा, नुसती चिठ्ठी देऊ नका. फोनवर बोलायचं असेल तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

अहवालात पुढच्या भेटीची तारीख टाकताना 'तीन महिन्यांनी' असं लिहू नका. एक भेट टोळी निघायच्या आधी ठेवा, लेकरं कुणाकडं राहणार ते आई-बापाच्या तोंडून ऐकायला, आणि एक हंगामाच्या मधोमध, लेकरं खरंच तिथंच आहेत का बघायला.