वसतिगृहातले गैरप्रकार हाताळताना रेक्टरांनी या चुका टाळाव्यात

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळं होस्टेलवर भरलेली बादली म्हणजे इस्टेट. मी रेक्टर झालो त्याच उन्हाळ्यात एका रात्री दुसऱ्या मजल्यावर बादलीवरनं मारामारी झाली. एकाचा ओठ फुटलेला, पॅसेजभर पाणी, दारादारांत पोरं उभी. मी तिथंच कोर्ट भरवलं. ज्याचं नाव आधी दोनदा माझ्या कानावर आलं होतं, त्याला ‘उद्या खोली रिकामी कर’ म्हणालो आणि झोपायला गेलो. सकाळी कळलं, बादली त्याचीच होती.

पहिली चूक हीच, रात्री निकाल देण्याची. रात्री कामं तीनच: दोघांना वेगळं करणं, लागलं असेल तर दवाखान्यात नेणं आणि वहीत लिहिणं. लिहिताना शेरे नकोत. ‘दारू पिऊन धिंगाणा घातला’ हा निकाल झाला. ‘१२.४० वाजता जिन्यात भिंतीला धरून उभा होता, तोंडाला वास येत होता, जीभ अडखळत होती’ ही नोंद. चौकशी समितीपुढं पहिलं वाक्य दोन प्रश्नांत कोसळतं, दुसरं टिकतं. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचंही म्हणणं सकाळी, एकट्याला बसवून, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. आमच्याकडं अक्कलकोटकडची, इंडीकडची पोरं असतात. रागात कानडीतून बोलली की आपल्याला ती उर्मट वाटतात. मला वाटली होती.

निकाल चुकला असेल तर? ज्यांच्यासमोर दिला त्यांच्यासमोरच मागं घ्या. मी मेसमध्ये जेवणाच्या वेळी घेतला. लाज वाटली, पण केबिनमध्ये बोलावून गुपचूप ‘राहा बाबा’ म्हणण्यात अर्थ नव्हता.

दुसरी चूक, सगळ्या मजल्याला दंड. एक नळ मोडला म्हणून सगळ्यांच्या अनामत रकमेतून पैसे कापले की नळ दुरुस्त होतो, पण पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. साहजिक आहे, सांगूनही भरायचं आणि न सांगताही भरायचं.

माफीनामा तुम्ही सांगायचा आणि त्यानं लिहायचा, हेही सोडा. आमच्या फायलीत एकाच मजकुराचे इतके माफीनामे होते की फक्त सही बदलायची. पालकांना उठसूट बोलावणंही तसंच. बाप रोजगार बुडवून सांगोल्याहून एसटीनं येतो, ऑफिसात पोराच्या थोबाडीत देतो, विषय तिथंच संपतो. आधी फोन करा.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते. गड्ड्याला, म्हणजे त्या यात्रेतल्या जत्रेला, गेलेली पोरं दहाच्या आत येणार नाहीत, हे दरवर्षी ठाऊक असून दरवर्षी भिंतीवरून उड्या पकडायच्या, याला शिस्त म्हणत नाहीत. त्या दिवसांत वेळ वाढवून द्या आणि हालचाल वहीत सही घ्या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मेसमधल्या त्या प्रसंगानंतर आठवड्याभरात तोच बादलीवाला माझ्याकडं आला. म्हणाला, “सर, पाणी आलं की पहाटे फर्स्ट इयरवाल्यांना उठवून सीनियर लोक आपल्या बादल्या भरून घेतात. नाही म्हटलं तर दाराला बाहेरून कडी.” मी हे सहकाऱ्यांना सांगितलं, तर उत्तर आलं, “अहो, ती पद्धतच आहे.”

पद्धत नव्हे, ते रॅगिंग आहे. राज्याच्या १९९९ च्या कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, आणि तथ्य दिसलं तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडं पाठवायची. हयगय केली तर कायद्याच्या नजरेत तो स्वतःच गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. यूजीसीचे २००९ चे नियम वेगळे आहेतच. तेव्हा ‘आपसात मिटवा’ हे वाक्य रेक्टरनं बोलूच नये. तक्रारदार आणि आरोपी यांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं तर मुळीच नको. त्या हाताची किंमत पोरगं रात्री मोजतं.

१८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आमच्याकडं ऑफिसबाहेरच्या फलकावर होती. तिथं सीनियर गप्पा ठोकत बसायचे. आम्ही तो कागद काढून न्हाणीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला.