अ‍ॅव्हरेजची तक्रार घेऊन वर्कशॉपला जाण्याआधी

मी कोथरूडला राहतो, त्यामुळे रोज सकाळचं फिरणं गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय संस्थेच्या टेकडीवर. गाडीच्या ब्रोशरवर अ‍ॅव्हरेजचा जो झोकदार आकडा छापतात, तो या किंवा अशाच एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून आलेला असतो. माझ्या ब्रोशरवर १७.८ होता. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, पौड रोडच्या सिग्नलला, माझी तीन महिन्यांची पेट्रोल ऑटोमॅटिक लिटरला जेमतेम नऊ देत होती. वर्कशॉपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन फुकट गेल्या, कारण मी फक्त संताप घेऊन गेलो होतो. तुमच्यावरही तीच वेळ आली असेल, तर घरातून निघण्यापूर्वी काय काय जमवायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी तुमचा स्वतःचा आकडा हवा, आणि तो डॅशबोर्डच्या स्क्रीनवरचा चालत नाही. माझी स्क्रीन १०.६ दाखवायची आणि टाकी वेगळंच सांगायची. पद्धत जुनीच: टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, टाकी पाऊणएक रिकामी होईपर्यंत गाडी चालवायची, मग त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पुन्हा फुल. नोझल पहिल्यांदा ‘कट’ झालं की थांबायचं. पंपावरचा पोरगा राउंड फिगर करायला आणखी दोनदा दाबतो, त्याला आधीच हात करून थांबवा. त्या दोन दाबांत हिशोब बिघडतो. पावती छापून घ्या आणि तिच्यावरच किलोमीटर लिहा. असं तीन टाक्या करा. माझं पहिल्या टाकीला ४१२ किलोमीटरला ४३.८ लिटर झालं, दुसरीला ३८८ ला ४२.५, तिसरीला ४०४ ला ४२.१. एकूण १२०४ किलोमीटर, १२८.४ लिटर, म्हणजे ९.३८. बायकोने हे सगळं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवलं होतं. पुढे त्याच पानाचा फोटो ईमेलला जोडला.

पंपाचाच संशय असेल तर पाच लिटरचं माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर समोर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, म्हणजे अर्धा टक्का. त्याने तुमचं अ‍ॅव्हरेज निम्म्यावर येत नाही.

आता ब्रोशरचा आकडा. तो समजून घेतल्याशिवाय काउंटरला जाऊ नका, नाहीतर पहिल्याच वाक्यात तुमची विकेट जाते. ती चाचणी प्रयोगशाळेत होते. गाडी जागच्या जागी रोलरवर पळते, एसी बंद असतो, आणि ठरलेल्या चक्रात वेग ९० च्या वर जात नाही. तिथे चांदणी चौक नाही, उलट्या बाजूने येणारा दुचाकीवाला नाही, मे महिना नाही. शहरात ऑटोमॅटिक गाडी ब्रोशरपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी देते यात काही विशेष नाही. तेव्हा ‘१७.८ का देत नाही?’ हा प्रश्न घरी ठेवून जा. त्याचं उत्तर त्यांच्याकडे पाठ असतं. तुमचा प्रश्न वेगळा हवा: याच मॉडेलची, याच इंजिनाची दुसरी गाडी याच रस्त्यावर किती देते? माझ्या दोन फेऱ्या हा प्रश्न सुचेपर्यंत गेल्या.

तो विचारण्याआधी आपल्या अंगणातला कचरा काढून टाका, म्हणजे त्यांना बोट दाखवायला जागा राहणार नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरच्या आकड्याप्रमाणे हवा भरा, टायर गार असताना. टपावरचं कॅरिअर उतरवा. रुबाबासाठी रुंद टायर टाकले असतील तर कंपनीचे परत बसवा, नाहीतर ओडोमीटरवरच प्रश्नचिन्ह लागतं. बाहेरून वायर कापून हॉर्न किंवा दिवे लावले असतील तर तेही काढा. वॉरंटीला नाही म्हणायला तेवढं निमित्त पुरतं. आणि प्रामाणिकपणे बघा, तुमचं रनिंग कसलं आहे. मुलीला क्लासला सोडणं, तीन किलोमीटर जाऊन इंजिन बंद, तासाभराने पुन्हा तीन किलोमीटर, असं असेल तर गार इंजिन पेट्रोल पिणारच.

इथेनॉलचं उत्तर हमखास येईल, त्याची तयारी ठेवा. ‘सर, आता सगळीकडे ई-ट्वेंटी आहे ना, सगळ्यांचंच अ‍ॅव्हरेज पडलंय.’ ई-ट्वेंटी म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. यात तथ्य आहे, पण किती? लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात साधारण सहा-सात टक्क्यांची घट समजू शकते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्केच धरले होते, आणि ई-टेनसाठी (१० टक्के मिश्रण) बनवून ई-ट्वेंटीला जुळवलेल्या गाड्यांसाठी फक्त १ ते २. सात टक्के धरले तरी माझे १७.८ साडेसोळावर येतात. नऊवर येत नाहीत. हे गणित फोनमध्ये लिहून ठेवा, समोरच्याला दाखवायला बरं पडतं.

कागदांची फाइल जाडजूड नको, पण पूर्ण हवी: टॅक्स इन्व्हॉइस, बुकिंग फॉर्म, गाडी घेतली तेव्हाचं ब्रोशर (वेबसाइटवरचं बदलतं, म्हणून छापील किंवा तारखेसह स्क्रीनशॉट), वॉरंटीची पुस्तिका, आजवरची सगळी जॉब कार्डं (वर्कशॉपला गाडी देताना तक्रार आणि काम लिहितात ते कागद) आणि पेट्रोलच्या पावत्या. सेल्सचा मुलगा बुकिंगच्या वेळी ‘काका, शहरात पंधरा कुठे गेली नाहीत’ असं तोंडी म्हणाला होता? मग त्याला आजच व्हॉट्सअ‍ॅप करा, ‘तू त्या दिवशी पंधरा सांगितले होतेस, मला नऊ मिळताहेत, काय करू?’ तो काही ना काही उत्तर देतोच, आणि तोंडी बोललेलं लेखी होऊन बसतं. माझ्या सेल्सवाल्या मुलाने लिहिलं, ‘सर सर्व्हिसला दाखवा, होईल थोडं वर-खाली.’ पंधरा सांगितले नव्हते, असं मात्र तो म्हणाला नाही.

आता काउंटर. माझ्या पहिल्या फेरीत सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर टॅबवरून नजर न उचलता म्हणाला, ‘काका, गाडी अजून मोकळी व्हायचीय. पाच हजार होऊ द्या.’ पाच हजार झाले. दुसऱ्या फेरीत तोच म्हणाला, ‘तुमचा पाय जड पडतो.’ गाडी संध्याकाळी धुऊन, चकचकीत करून परत दिली. जॉब कार्डावर लिहिलं होतं, ‘जनरल चेकअप. कस्टमर एज्युकेटेड.’ मी एज्युकेट झालो होतो आणि खाली सहीही करून बसलो होतो.

म्हणून जॉब कार्ड उघडतानाच तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘तीन टाक्यांचं सरासरी अ‍ॅव्हरेज ९.३८, सोबत पावत्या. ब्रेक, व्हील बेअरिंग, अलाइनमेंट तपासावं. स्कॅन रिपोर्टची प्रत द्यावी. सोबत रोड टेस्ट करावी.’ सिस्टिममध्ये एवढं बसत नाही म्हणाले तर छापलेल्या कार्डावर पेनने लिहा आणि फोटो काढा. गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही करायची असेल, तर सहीच्या वर ‘अ‍ॅव्हरेजची तक्रार कायम’ एवढे तीन शब्द टाका. अ‍ॅडव्हायझर कुरकुर करेल. करू द्या.

रोड टेस्टवर मात्र अडून बसा. ते दहा किलोमीटरची चक्कर मारून स्क्रीनवरचा आकडा दाखवतील. तो मान्य करू नका. पन्नास किलोमीटरसुद्धा थोडे पडतात. हायवेला पन्नासला साडेतीन लिटर जळलं आणि टाकी भरताना अर्धा लिटर इकडे-तिकडे झालं, तर तिथेच पंधरा टक्क्यांची चूक झाली. निदान शंभर किलोमीटर हवेत. मी तिसऱ्या फेरीत वर्क्स मॅनेजरला म्हटलं, पेट्रोल माझं, टोल माझा, फक्त तुमची याच मॉडेलची डेमो गाडी माझ्यासोबत पाठवा. तो म्हणाला, डेमो गाडी सेल्सची असते, परवानगी लागते. परवानगीला नऊ दिवस लागले, तीन ईमेल लागले, आणि तिसऱ्या ईमेलला कंपनीचं कस्टमर केअर कॉपीत होतं.

रविवारी सकाळी सातला निघालो. दोन्ही गाड्यांची हवा एकाच कंप्रेसरवर सारखी केली, एकाच नोझलने टाक्या भरल्या, एसी दोघांचा चोवीसवर. दोन्ही गाड्यांत चालवायला त्यांचेच टेक्निशियन, म्हणजे माझा जड पाय मागच्या सीटवर. बायपासने कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, पुढे खंबाटकीच्या अलीकडून परत. १०२ किलोमीटर. माझ्या गाडीला ७.०३ लिटर लागलं, डेमोला ६.०५. म्हणजे माझी १४.५ आणि ती १६.९. मॅनेजरचा चेहरा पहिला आकडा ऐकून खुलला होता, ‘बघा, साडेचौदा देतेय की!’ दुसरा आकडा आल्यावर तो गप्प झाला. माझी एकटीच गाडी मोजली असती तर मी साडेचौदा घेऊन घरी आलो असतो.

कारण सापडलं ते त्याआधीच, टोलनाक्यापुढे चहाला थांबलो तेव्हा. माझी गाडी चालवणारा पोरगा, विशीतला असेल, चारी चाकांजवळ उकिडवा बसून रिमपाशी उलटा हात धरत फिरला. मागच्या डाव्या चाकाशी त्याने हात झटकन मागे घेतला. ‘काका, हे तापलंय. ब्रेकचा कॅलिपर सुटत नाहीये. ब्रेक धरूनच चाललीय गाडी.’ मग हळूच, ‘मी बोललो म्हणून सांगू नका.’ ही तपासणी तुम्हीही करू शकता. सरळ रस्त्यावर वीसेक मिनिटं चालवून, जोरात ब्रेक न लावता गाडी थांबवा आणि चारी रिमांजवळ हात नेऊन बघा. टेकवू नका, भाजतं. एकच चाक तापलेलं असेल तर ते जॉब कार्डावर चाकाच्या नावानिशी लिहा. वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन चाक हाताने फिरवायला सांगा. मोकळं चाक फिरत राहतं, माझं अर्ध्या फेरीत थांबलं. दोन सर्व्हिसिंगमध्ये हे कुणाला दिसलं नव्हतं. कॅलिपर वॉरंटीत बदलला. पार्ट यायला अकरा दिवस लागले.

तुमच्या गाडीत असं काही सापडलं नाही किंवा सापडूनही ते करत नसतील, तर पुढची तयारी. डीलर आणि कंपनी दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहा, चासी नंबर, जॉब कार्डांचे नंबर, मोजमापाचा तक्ता, आणि उत्तरासाठी पंधरा दिवस. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार; तिथे निकाल लागत नाही, पण कंपनीतला वरचा माणूस फोन करायला लागतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच दावा लावता येतो, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, आणि वकील सक्तीचा नाही. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तुम्हालाच भरायला सांगतील, तेवढे पैसे बाजूला ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट देणार असाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल, ते आधी विचारून घ्या.

आशा ठेवावी का? केरळात त्रिशूरच्या ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये एका गाडीबद्दल तीन लाख दहा हजार द्यायला लावले. जाहिरातीत ३२, आणि तज्ज्ञाने चालवून मोजलं तर १९.६. तिथेही निकाल फिरला तो मोजण्यावरच. दुसरीकडे दिल्लीतल्या एकाने २००४ मध्ये घेतलेल्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा वाद राष्ट्रीय आयोगात २०२४ साली मिटला, भरपाई एक लाख. तेव्हा गाडी बदलून मिळेल या हिशोबाने जाऊ नका. सदोष भाग बदलून द्यायचा की आख्खी गाडी, यात वॉरंटीच्या शब्दांचा कल पहिल्याकडेच असतो.

एक शेवटची गोष्ट बरोबर ठेवा, ती म्हणजे फीडबॅकचा फोन. सर्व्हिसिंगनंतर दोन-तीन दिवसांत येतो. त्याआधी अ‍ॅडव्हायझरचा येतो, ‘सर, दहापैकी दहा द्याल ना?’ डीलरला तुमची गरज पडते ती नेमकी या दोन फोनांच्या मधल्या वेळात. डेमो गाडीची परवानगी अडली होती तेव्हा मी अ‍ॅडव्हायझरला म्हटलं, ‘देतो की. तारीख सांग, मग देतो.’ दोन तासांत रविवार मिळाला.

कॅलिपर बदलल्यावर पुन्हा तीन टाक्या मोजल्या. शहरात ११.८. कॅलेंडरचं पान उलटलं तरी बायको अजून लिहितेच आहे.