दक्षिणेच्या थंड समुद्रातल्या बारीक शिंपल्या ओळखताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आकारावरून. ज्वारीच्या दाण्याएवढी शिंपली दिसली की वहीत 'पिल्लू' लिहून पुढे जायचं, ही सवय मोडाच. अंटार्क्टिकाभोवती लॅटर्न्युला इलिप्टिका ही शिंपली साधारण 10 सेंटिमीटरपर्यंत वाढते, हे खरं. पण त्याच समुद्रातल्या फिलोब्रिइडी कुळातल्या बहुतेक जाती पूर्ण वाढूनही काही मिलिमीटरच्याच राहतात. याच कुळातली लिसार्का नोटोरकॅडेन्सिस सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या काट्यांना चिकटून राहते आणि पिल्लं स्वतःच्या शिंपल्यातच वाढवते. म्हणून आधी आत बघा. पिल्लं दिसली, तर हातात आहे ती प्रौढ शिंपली. नाही दिसली, तरी लगेच 'पिल्लू' ठरवू नका. शिंपलीच्या चोचीवर, म्हणजे बिजागरीजवळच्या टोकावर, लक्ष द्या. जन्मतःचं कवच तिथं टिकून असतं, आणि याच कुळातल्या फिलोब्रियात ते मोठं, उठावदार, बाकीच्या शिंपलीपासून कडेनं वेगळं दिसतं. ब्रशनं घासून चकचकीत केलेल्या नमुन्यावर वरचं तपकिरी आवरण आणि त्यावरची केसाळ नक्षी निघून जाते, मग जाती वेगळ्या करायच्या कशावरून?

बिजागरीवर दातांची ओळ दिसली की थेट न्यूक्युला (दुसऱ्या कुळातली बारीक शिंपली) म्हणणारेही बरेच. झडपेच्या, म्हणजे शिंपलीच्या एका अर्ध्या भागाच्या, आत मोत्याची झाक आहे का, ते तपासा. न्यूक्युलात ती असते. तशीच दातांची ओळ असलेल्या लिमोप्सिस आणि फिलोब्रिइडीत नसते.

डावी-उजवी झडप ओळखण्याचा हात तापी-गिरणेतल्या लॅमेलिडेन्स या गोड्या पाण्यातल्या शिंपलीवर बसवा. बिजागरी वर, लिगामेंट (दोन्ही झडपा जोडणारा लवचीक पट्टा) आपल्याकडे धरलं की डाव्या हाताला येते ती डावी झडप. बारीक शिंपल्यांत लिगामेंट आतल्या बाजूला दडलेलं असू शकतं, तेव्हा झडपा मिटणाऱ्या स्नायूंच्या आतल्या खुणा शोधा. फिलोब्रियात पुढचा स्नायू नसतोच, त्यामुळे एकच खूण दिसली म्हणून नमुना खराब समजून टाकून देऊ नका.

आता आपल्याकडची खास अडचण. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि सैल बुचाच्या कुपीतलं अल्कोहोल बघता बघता उडतं. नमुना सुकतो, पातळ झडपा तडकतात. कुप्या उन्हाच्या भिंतीपासून लांब ठेवा, पातळी दर आठवड्याला बघा. त्यावर उपाय म्हणून फॉर्मॅलिन वापरू नका, ते आम्लधर्मी होत जातं आणि चुन्याचं कवच विरघळवतं. चिठ्ठी पेन्सिलनंच लिहून कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.

नाव लिहिताना कंस गाळू नका. ॲडाम्युसियम कोलबेकी (स्मिथ, 1902) यातला कंस सांगतो की जातीला नाव देणाऱ्या स्मिथनं ती वेगळ्या जीनसमध्ये (जातींच्या गटात), म्हणजे पेक्टेनमध्ये, ठेवली होती. जुन्या अहवालातली योल्डिया आइट्सी आणि आजची एक्वियोल्डिया आइट्सी ही एकच जात; ती दोन वेगळ्या ओळींत मांडली, तर तुमच्या यादीत एक जात उगाच वाढते.