जुना प्रकल्प हाती घेताना

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, सुरुवात करायची आहे, कुठला प्रकल्प घेऊ, असं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात. बहुतेकांच्या मनात एखादं गाजलेलं नाव असतं. मी त्यांना सांगते, तुम्ही स्वतः वापरता असं, बरंच जुनं आणि सांभाळायला माणूस उरलेला नाही असं काहीतरी शोधा. तिथे तुमची खरोखर गरज असते.

मी ज्या प्रकल्पाची मेंटेनर, म्हणजे सांभाळणारी, झाले, तो जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, बदलून देतो. युनिकोड रुळण्याआधी छापखान्यांत आणि कचेऱ्यांत जे टाइप झालं, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मूळ लेखकाने कन्व्हर्टर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत, पायथन २ मध्ये, लिहिला होता. पुढे त्यांची नोकरी बदलली, घरच्या जबाबदाऱ्या वाढल्या. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा अधिकृत आधार संपला आणि हळूहळू लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या आवृत्त्यांवर प्रोग्राम चालेनासा झाला. लोक मात्र येतच होते. कुणाकडे जुन्या अंकांच्या फाइली होत्या, कुणाकडे ग्रंथालयाची सूची.

मी सुरुवात तक्रारी वाचण्यापासून केली. एकच दोष वेगवेगळ्या शब्दांत नोंदवलेला होता, ते इश्यू एकत्र जोडले. ज्यांनी नुसतं ‘चालत नाही’ लिहिलं होतं त्यांच्याकडून नमुना फाइल मागवली. मग चाचणीसाठी शब्दांची यादी करायला घेतली, आणि इथे मराठी येत असल्याचा थेट उपयोग झाला. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलट. ‘आर्थिक’ या शब्दात दोन्ही एकाच ‘थ’वर येतात, त्यामुळे क्रम लावणारा कोड चुकीचा असेल तर तिथे हमखास पकडला जातो. ‘वऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’तला र वेगळा, कुठल्या जुन्या खुणेला युनिकोडचं कुठलं अक्षर हे सांगणारे जे तक्ते हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात, त्यांत तो सापडतच नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधीचे तक्ते ‘अ’ आणि चंद्र जोडून काम भागवत. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण शोधायला गेलं की शब्द सापडत नाही.

ही यादी मूळ लेखकाने लगेच स्वीकारली. थकलेल्या मेंटेनरकडे कोडची कमतरता नसते, कमी पडतो तो आलेला कोड तपासायला लागणारा वेळ. तुम्ही पाठवलेली प्रत्येक पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल सामील करा’ ही विनंती, त्याच्यासाठी आणखी एक काम असते. बदल केल्यावर काही मोडलं नाही हे चाचणी आपोआप सांगत असेल, तर ते ओझं हलकं होतं. पायथन ३ वर नेण्याचं मोठं काम आम्ही त्यानंतरच काढलं, आणि या यादीच्या जोरावरच ते निभावलं.

भरवसा बसायला वेळ लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्स या सॉफ्टवेअरचं प्रकरण प्रत्येक नवख्याने नीट समजून घ्यावं. मेंटेनर एकटा होता, प्रकल्प बिनपगारी होता आणि मानसिक त्रासामुळे आपल्याला फार वेळ देता येत नाही, हे त्याने उघडपणे लिहिलं होतं. काही अनोळखी खात्यांनी ‘काम पुढे जात नाही, दुसऱ्याला नेमा’ असा तगादा लावला. ‘जिया तान’ नावाने वावरणारं खातं दोनेक वर्षं रीतसर काम करत राहिलं, त्याला अधिकार मिळाले आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात गुपचूप शिरायची वाट, आला. आन्द्रेस फ्रॉइन्ट या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचने दूरच्या संगणकावर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून मार्चअखेर ते उघडकीला आलं. तेव्हा मेंटेनर तुमचा कोड पुन्हा पुन्हा तपासत असेल, रिलीजचा, म्हणजे नवी आवृत्ती काढण्याचा, अधिकार द्यायला वेळ घेत असेल, तर राग मानू नका. आणि ‘तुम्हाला जमत नसेल तर सोडा’ असं कोणत्याही मेंटेनरला कधीच लिहू नका.

कोड लिहायला वापरतात त्या विम या एडिटरचं उदाहरण मला धीर देतं. ब्राम मोलेनार यांनी १९९१ पासून तो एडिटर वाढवला. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले. क्रिस्तियान ब्राबांट अनेक वर्षं त्यात काम करत होते, त्यांनी धुरा घेतली. २ जानेवारी २०२४ ला ९.१ आवृत्ती मोलेनार यांना अर्पण करून निघाली. आधीपासून राबणारी माणसं होती, म्हणून काम थांबलं नाही.

आमच्याकडे पहिले काही रिलीज आम्ही दोघांनी मिळून केले. पासवर्ड आणि चाव्या एका संध्याकाळी देता येतात. डोक्यातलं ज्ञान द्यायला फार वेळ लागतो. तक्त्यात काही ओळी अगदी विचित्र दिसायच्या. विचारल्यावर कळलं की एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत कीबोर्डच्या त्याच कळीला वेगळं अक्षर होतं. असं प्रत्येक ‘का’ मी फोनवर विचारून फाइलमध्ये लिहून ठेवलं. जुन्या मेंटेनरला उत्साह आहे तोवरच हे करून घ्या.

नोकरी करत असाल तर कराराचा कागद आधी वाचा. फावल्या वेळात लिहिलेला कोडही कंपनीचा, असं कलम काही ठिकाणी असतं. लेखी परवानगी घ्या.

शोधायचं कुठे? डेबियन या लिनक्सच्या प्रकारात वाली नसलेल्या पॅकेजेसची, म्हणजे त्यासोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची, यादी सगळ्यांसाठी खुली असते. ज्यांना सांभाळणारा पूर्ण बदलून हवाय आणि ज्यांना फक्त मदत हवीय, त्यांची नोंद वेगवेगळी ठेवतात. नवख्याने मदतवाल्या यादीतून सुरुवात करावी, कारण तिथे शिकवायला कुणीतरी हजर असतं. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात बेवारस पॅकेज सहा आठवडे कुणी घेतलं नाही तर काढून टाकतात, त्यामुळे तिथल्या यादीवर वरचेवर नजर ठेवावी लागते. पहिल्या निरोपात मेंटेनर होण्याची इच्छा कळवू नका. तुम्ही ते सॉफ्टवेअर कशासाठी वापरता, कुठला इश्यू तुमच्या संगणकावर पुन्हा घडवून पाहिलात आणि आठवड्याला किती तास देऊ शकता, एवढं लिहा. तास कमी असले तरी खरे तेच सांगा, त्यावरच समोरचा पुढचं ठरवतो.